प्राणवायूचा उत्तररंग

कृष्णकांतबुवांनी कीर्तनाच्या गादीवर उभं राहून आजवर पुष्कळ राक्षस मारले होते. हिरण्यकश्यपूचं पोट फाडताना त्यांचा आवाज असा चढायचा, की नागपुरातल्या इतवारीच्या भांडेबाजारात एकावर एक रचलेले पाण्याचे पितळी गुंड झणझणायला लागत. पण त्र्याऐंशी सालच्या रामनवमीच्या उत्सवात त्यांनी जो राक्षस उभा केला, तो मारायचाच राहून गेला. आणि नको तिथे जिवंत सुटला.

त्या राक्षसाला जन्म दिला भैय्याजींनी. भैय्याजी हे पितळेच्या भांड्यांचे ठोक व्यापारी आणि गल्लीतल्या राममंदिराच्या उत्सवाचे यजमान. मांडव त्यांचा, बिछायत त्यांची, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा माणूस त्यांचा. त्यामुळे रामजन्मसुद्धा त्यांच्याच घड्याळाने व्हायचा. अलीकडे स्टीलने पितळेचं कंबरडं मोडलं होतं, म्हणून त्यांनी दुकानाच्या दर्शनी काचेत नवीन माल मांडला होता. पारदर्शक बाटलीतलं गोड औषध. नाव ‘गंजांतक’.

“बुवा, हे पाहा,” भैय्याजींनी चैत्राच्या सुरुवातीलाच बुवांना दुकानाच्या गादीवर बसवून चहा पाजला होता. “पितळ काळं पडते कशानं? हवेनं. लोखंड गंजते कशानं? हवेनं. अन् माणूस म्हातारा होते कशानं? त्याच हवेतल्या ऑक्सिजननं! अमेरिकेत शोध लागून राहिला. माझ्या भाच्यानं मासिकात वाचलं. आतल्या आत एक-एक पेशी गंजते म्हणते. अन् त्या गंजाले रोखते, त्याले म्हणते अँटिऑक्सिडंट. जीवनसत्त्व सी, जीवनसत्त्व ई. ते या बाटलीत आहे. एवढं तुम्ही पूर्वरंगात घाला. बिलकुल पक्कं विज्ञान आहे.”

“पण भैय्याजी, पूर्वरंगात भक्तीचं निरूपण...”

“भक्ती कराले माणूस टिकला पाहिजे ना?” भैय्याजी म्हणाले. “अन् यंदाच्या फलकावर तुमच्या नावामागं मी ‘विज्ञानभूषण’ लिहून राहिलो.”

बुवा भले माणूस होते, पण भूषण म्हटलं की विरघळायचे. मॅट्रिकला त्यांनी जेमतेम पास होण्याइतकंच विज्ञान वाचलं होतं. पण बशीतला चहा संपायच्या आत त्यांच्या डोक्यात चाल आली, चालीमागून शब्द आले, आणि घरी पोचेपर्यंत साकी तयार झाली.

कीर्तनाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. पुढच्या रांगेत, खांबाला टेकून, नेहमीच्या जागी रंभाबाई. वय झालेलं, जुना दमा, पण कीर्तन चुकवायची नाही आणि बुवांची चूकही सोडायची नाही. बुवांनी एकदा जटायूचा उजवा पंख तोडला, तर हिने तिथल्या तिथे “डावा गा, डावा” म्हणून तो परत लावायला भाग पाडलं होतं.

बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि साकी सोडली :

‘प्राणवायु हा रावण मोठा, देही करितो दंगा,
इलेक्ट्रॉनची सीता चोरी, गंजवी अंगअंगा!’

मांडव डोलला. इलेक्ट्रॉन म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सीता म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. मग बुवा जे सुटले! नाकाच्या दोन वेशींतून साधूच्या वेशात आत शिरणारा हा प्राणवायू, पेशीच्या पर्णकुटीपुढे ‘भिक्षां देहि’ म्हणून उभा राहतो, आणि लक्ष्मणरेषा ओलांडताच झडप घालतो, हे त्यांनी असं काही रंगवलं, की बायांनी भीतीने पदर नाकाशी नेले. तबल्यावर कवडू होता. त्याने अशी थाप दिली की मागच्या ओळीतलं एक पोर रडायलाच लागलं.

कीर्तनाची रीत ही, की पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा, मग मध्यंतराला बुक्का लावायचा, बुवांना हार घालायचा, नामाचा गजर करायचा. आणि मग उत्तररंगात कथा सांगून तो सिद्धांत तडीस न्यायचा. राक्षस पूर्वरंगात उभा राहतो आणि उत्तररंगात पडतो. म्हणून तर ऐकणारा घरी जाऊन सुखाने झोपतो.

त्या दिवशी बुक्का लावून झाला आणि भैय्याजी उठले. पळी-पंचपात्रं घेऊन त्यांचे चार नोकर मांडवात फिरले. पळीत गंजांतक. देवळात तळहातावर जे पडेल ते तीर्थ, असा लोकांचा हात शिकलेला. त्यांनी भुरका मारला, हात डोक्यावरून फिरवला, काहींनी डोळ्यांनाही लावला. चिकट लागलं म्हणून कुणी तक्रार केली नाही. मग भैय्याजींचं भाषण झालं. मग भाच्याचं झालं. मग शहरातले दोन मोठे पाहुणे जायला निघाले, त्यांच्यासमोर आरती व्हायलाच हवी होती, म्हणून ती झाली. उत्तररंग राहिला.

“बुवा, रावण मेलाच नाही ना!” रंभाबाईने ओरडून विचारलं.

“उद्या मारू, आजी,” बुवा हार सावरत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुदाम्याची कथा ठरलेली होती. त्यात रावणाला कुठे जागा?

इकडे गल्लीत त्या मोकळ्या राक्षसाने धिंगाणा मांडला. रोज सकाळी मंदिराच्या ओट्यावर प्राणायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी प्राणायाम सोडला. श्वास आत घ्यायचा कशाला आणि रावणाला पाट मांडायचा कशाला? एक पेन्शनर गृहस्थ तर श्वास मोजून घ्यायला लागले आणि भाजीबाजारात चक्कर येऊन वांग्यांवर बसले. बायांनी खिडक्या लावून घेतल्या. नागपूरच्या चैत्रात! घरंच्या घरं आतून वाफाळली, पण पेशी वाचल्या पाहिजेत म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. भैय्याजींच्या काचेतल्या बाटल्या भराभर खाली उतरत होत्या. बुवांच्या कानावर हे सगळं येत होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना थोड्या गुदगुल्याच होत होत्या. त्यांच्या भक्तिरसाने आजवर एक खिडकी उघडली नव्हती. विज्ञानाने शंभर बंद केल्या!

मग एका दुपारी रंभाबाईची सून शोभाताई धापा टाकत त्यांच्या दारात आली.

“बुवा, चला! आत्ताच्या आत्ता चला. सासूबाईले मोठ्या दवाखान्यात भरती केलं. निमोनिया आहे, अन् वरून दमा. डॉक्टरीणबाई नळी लावून राहिली, अन् ह्या ती उपटून फेकून राहिल्या!”

“कसली नळी?”

“ऑक्सिजनची! म्हणते कशा, ‘रावणाले नाकातून आत घेऊ काय?’ तीनदा फेकली, बुवा. ओठ निळे पडले त्यांचे.”

बुवांच्या अंगातली गुदगुली जिथल्या तिथे गोठली. उपरणं सापडलं नाही तेव्हा ते कवडूचा गमछा खांद्यावर टाकूनच रिक्षात बसले. कवडू मागे सायकलवर.

वॉर्डाच्या दारातच डॉक्टर सुभद्रा मेश्राम उभ्या होत्या. तरुण बाई, गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांत रात्रपाळीची लाली.

“ते विज्ञानभूषण तुम्हीच काय?” त्यांनी विचारलं.

बुवांना ते भूषण प्रथमच शिवीसारखं लागलं. “बाईसाहेब, मी खोटं काहीच सांगितलं नाही हो. ऑक्सिजन पेशीला गंजवतो, हे अमेरिकेत...”

“खोटं नाही सांगितलं. अर्धं सांगितलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ऐका. पेशीपेशीत एक चूल आहे. आपण खातो ते जळण. ऑक्सिजनशिवाय ते जळणार नाही, अन् चूल विझली की माणूस विझला. बहुतेक ऑक्सिजन आपलं काम करतो अन् पाणी होऊन जातो. थोडासा मात्र अर्धवट राहतो. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा. मग तो वखवखल्यासारखा शेजाऱ्याचा हिसकतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. जवसाचं तेल कसं खवट होतं? तसंच पेशीच्या भोवती जो चरबीचा पडदा आहे, तो खवट व्हायला लागतो.”

“आणि अँटिऑक्सिडंट?”

“तो आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो अन् दिल्यावर स्वतः लुटायला जात नाही. तिथे साखळी तुटते. ई जीवनसत्त्व त्या पडद्यातच बसलेलं असतं. त्याने दिलं की सी येऊन त्याला परत भरून देतं. शिवाय शरीराचे स्वतःचे पहारेकरी आहेत, ते चोवीस तास असल्या ठिणग्या विझवत असतात. हे सगळं आहे म्हणून आपण ऑक्सिजन घेऊनही टिकतो. ऑक्सिजन न घेऊन कुणी टिकल्याचं मी तरी वाचलेलं नाही. आता आत जा अन् आजींना समजवा. माझ्याजवळ वेळ नाही, अन् त्यांच्याजवळ तर त्याहून नाही.”

रंभाबाई उशांना टेकून बसली होती. छाती भात्यासारखी हलत होती, दोन श्वासांच्या मध्ये एक-एक शब्द येत होता. नळीचा मास्क पायाशी पडला होता. शेजारी लोखंडी सिलिंडर. त्याकडे ती लंकेकडे बघावं तशी बघत होती.

बुवा स्टुलावर बसले. “आजी, मी चुकलो. ऑक्सिजन रावण नाही. लावा ते नाकाला.”

रंभाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “उपरणं... कुठी आहे?”

“घाईत राहिलं.”

“चिपळ्या?”

“त्याही राहिल्या.”

“मंग... कसं मानू गा?” ती म्हणाली. “नारदाच्या गादीवर... उभं राहून सांगतलं. आता स्टुलावर बसून... म्हणता चुकलो. ते गादीवरचं... हे स्टुलावरचं. कोनतं मोठं?”

शोभाताईने कपाळाला हात लावला. “सासूबाई, आता तरी ऐका वं!”

“तू गप. मी चाळीस वर्सं... कीर्तन ऐकून राहिली. गादीवर सांगतलेलं... गादीवरच खाली येते. उत्तररंग करा... म्हणा.”

बुवांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी रंभाबाईच्या नखांकडे पाहिलं. “मी बुद्धविहारात वाढले, मला तुमचा उत्तररंग माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो करायचा असेल तर पाच मिनिटांत करा.”

पाच मिनिटं! बुवांचं नुसतं नमन पाऊण तास चालायचं. पाच मिनिटांत त्यांनी आयुष्यात कधी साधा खोकलासुद्धा संपवला नव्हता.

तेवढ्यात भैय्याजी आले. बातमी बाजारात पोचली होती. एका हातात गंजांतकची बाटली, दुसऱ्यात चांदीचा चमचा. मागे भाचा, गळ्यात कॅमेरा.

“डॉक्टरीणबाई, बिलकुल घाबरू नका,” भैय्याजी म्हणाले. “दोन चमचे आजीले देऊ. म्हातारी उठून बसली की एक फोटो.”

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. आतला द्रव काकवीसारखा काळसर होता.

“केव्हा भरली ही?”

“मागच्या दिवाळीत. पहिले सोनेरी होती, आता पाहा कसा रंग चढला! मुरून राहिली ना. जितकी मुरली तितकी कडक.”

“दुकानाच्या काचेत ठेवता? उन्हात?”

“हाव, दिसली पाहिजे ना गिऱ्हाइकाले.”

“भैय्याजी, सी जीवनसत्त्व उजेडात आणि हवेत स्वतःच गंजतं. तुमचा पहारेकरी बाटलीतच मेला. हा रंग त्याच्या मढ्याचा आहे. उरलं ते साखरेचं पाणी.”

भैय्याजी गडबडले, पण व्यापारी माणूस. मागे हटणार कसा? “असा कसा मेला? साऱ्या मांडवात वाटलं आम्ही. एवढ्या लोकांनी घेतलं, कोनाले काहीसुद्धा झालं नाही!”

“तेच म्हणते मी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोणालाच काहीसुद्धा झालं नाही.”

भैय्याजींनी बुवांचा गमछा धरून त्यांना कोपऱ्यात ओढलं. “बुवा, इथं काही उलटंसुलटं सांगू नका. काल्याचं कीर्तन तुमच्याच नावानं ठरलं आहे. फोटो छापून येणार आहे. समजून घ्या.”

काल्याचं कीर्तन म्हणजे उत्सवाचा कळस. त्यासाठी बुवा वर्षभर गळा सांभाळत. त्यांनी एकदा भैय्याजींच्या बाटलीकडे पाहिलं. मग रंभाबाईच्या ओठांकडे पाहिलं. हिने जटायूचा पंख जागेवर लावला होता, आणि आज तिलाच श्वास पुरत नव्हता. तोही त्यांनीच तोडलेला. त्यांनी गमछा सोडवला, खांद्यावरून नीट घेतला, तिच्या खाटेच्या पायथ्याशी घोंगडी अंथरायला सांगितली आणि त्या घोंगडीच्या गादीवर उभे राहिले.

“कवडू, ठेका!”

कवडूने रिकामं लोखंडी टेबल पुढे ओढलं. पलीकडच्या खाटेवरच्या, पाय प्लास्टरमध्ये टांगलेल्या माणसाने पितळी पेल्यावर चमचा वाजवून झांज धरली.

बुवांनी सवयीने सुरुवात केली, “अयोध्यानगरीत दशरथ राजा...”

“साडेचार मिनिटं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बुवांनी अयोध्या गिळली. वनवासही गिळला. सेतू तर बांधलाच नाही. एकदम म्हणाले, “आजी, तुमच्या घरी चूल आहे?”

“आहे ना.”

“ठिणगी उडते?”

“फुकलं का... उडते.”

“मग चुलीत पाणी ओतता?”

“काहून ओतीन? स्वयंपाक... कोन करीन मंग? ठिणगी पडली का... ओल्या फडक्यानं... दाबतो.”

“हाच उत्तररंग!” बुवांचा आवाज चढला. वॉर्डातली कण्हणारी माणसं कण्हायची थांबली. “प्राणवायू चुलीतला विस्तव आहे, आजी. तो पेशीपेशीत रांधतो म्हणून आपण बोलतो, चालतो, नाम घेतो. रांधता रांधता एखादा अर्धा जळलेला कण उडतो. तो अर्धा, म्हणूनच भुकेला. शेजाऱ्याचं ओढतो, तो त्याच्या शेजाऱ्याचं, आणि सगळी आळी पेटते. तिथे ओलं फडकं घेऊन बसलेली एक माउली असते. ती आपलं देते, आणि दिल्यावर दुसऱ्याचं ओढायला जात नाही. तिचं सरलं की शेजारीण येऊन तिला भरून देते. असं हे देण्याचं घर आहे, आजी, म्हणून देह टिकतो!”

“असं... देनारं,” रंभाबाई धापेतून म्हणाली, “इतवारीत कोन आहे गा?”

सगळा वॉर्ड हसला. भैय्याजींनी बाटली पाठीमागे धरली.

“तीन मिनिटं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्याही पुढे झुकल्या होत्या.

“मंग रावण... कोन?” रंभाबाईने सोडलं नाही. “तुमी... साकीत रावण म्हनला. त्याचं... काय?”

बुवा अडले. कवडूचा ठेका दोनदा फिरून समेवर आला. तिसऱ्या समेला ते म्हणाले, “विस्तव रावण नाही, आजी. जो अर्धा राहिला, तो बिघडला.”

“म्हंजे... तुमच्या कीर्तनावानी,” रंभाबाई म्हणाली.

प्लास्टरवाल्याच्या हातातला चमचा थांबला. बुवांचा चेहरा पडला, मग लाल झाला, मग त्यावर हसू फुटलं. इतक्या वर्षांत इतकी चोख समेची थाप त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी हात जोडले आणि तिथल्या तिथे साकी उलटली :

‘प्राणवायु हा चुलीत जळतो, ठिणगी उडते कोठे,
देउनि अपुले विझविति तिजला, ते रक्षक रे मोठे!’

“हं,” रंभाबाई म्हणाली. “आता... पोटात गेलं.” तिने स्वतःच्या हाताने पायाशी पडलेला मास्क ओढला, नाकावर ठेवला. शोभाताईने मागून पट्टा बसवला. डॉक्टरीणबाईंनी सिलिंडरची चावी फिरवली आणि बुडबुड्यांचा आवाज सुरू झाला.

पण म्हातारीचा हात वर गेला. मास्क बोटभर उचलून ती म्हणाली, “आरती... राहिली.”

कुणीतरी लगेच काडेपेटी काढली.

“विस्तव नाही!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. “ऑक्सिजन सुरू आहे! काडी ओढली तर सगळ्या वॉर्डाची लंका होईल!”

वॉर्डातल्या परिचारिकेने आपली बॅटरी पुढे केली. औषधाच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ती उभी ठेवून बुवांनी ओवाळली. माणसं जमेल तशी उठून बसली, टाळ्या वाजवायला लागली. ट्रे फिरत फिरत भैय्याजींपुढे आला. सवयीने त्यांनी दोन्ही हात बॅटरीच्या उजेडावरून फिरवले आणि तोंडावर ओढले. तेव्हाच भाच्याने फोटो काढला. मामांच्या काखेत बाटली होती.

आरती संपली तेव्हा रंभाबाईच्या ओठांचा निळेपणा उतरायला लागला होता. डॉक्टरीणबाई नाडी धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, तेव्हा शोभाताई पहिल्यांदा खाली बसली आणि रडली.

भैय्याजी बुवांना जिन्यापर्यंत पोचवायला आले. “बुवा, झालं ते झालं. काल्याले मात्र हे चूलबिल नको. साधं गोकुळ लावा. अन् मध्यंतराले बाटल्या...”

“भैय्याजी, काल्याला आधी उत्तररंग करीन,” बुवा म्हणाले. “इथला. साऱ्या मांडवाला खिडक्या उघडायला सांगितल्याशिवाय मी चिपळ्या खाली ठेवणार नाही. मध्यंतर राहिलं तर राहिलं.”

“मध्यंतर नाही? मग मी दुसरा बुवा पाहतो!”

“पाहा. मी मंदिराच्या ओट्यावर उभा राहीन. ओट्याला मांडव लागत नाही.”

भैय्याजी ताडताड जिना उतरून गेले. पारशिवनीहून त्यांनी खरोखरच दुसरे बुवा आणले, आणि काल्याच्या दिवशी ते बुवा नुसत्या लोडांनी भरलेल्या मांडवात गोकुळ गात राहिले. बाहेर ओट्यावर कृष्णकांतबुवा भर उन्हात उभे होते. समोर ज्यांनी प्राणायाम सोडला होता ते म्हातारे, ज्यांनी खिडक्या लावल्या होत्या त्या बाया, आणि वांग्यांवर बसलेले पेन्शनर. सगळे घामाघूम, पण छाती भरून श्वास घेत.

पहिल्या ओळीतली, ओट्याच्या खांबाजवळची जागा तेवढी रिकामी होती. रंभाबाईला अजून दवाखान्यातून सोडलं नव्हतं. तिने शोभाताईला पाठवलं होतं, आणि बजावून ठेवलं होतं, की बुवा कुठे चुकतात ते नीट ध्यानात ठेवून ये.